आधी शून्य, मग गाडी

नानांना पुसून टाकायचं व्यसन होतं. कोणाला तंबाखूचं असतं, कोणाला चहाचं. नानांना समोर काही लिहिलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. फळ्यावरची तारीखसुद्धा दुपारपर्यंत टिकायची नाही. शहाद्याच्या आमच्या कॉलेजात ते संगणक प्रयोगशाळेचे सहायक होते आणि मी त्याच प्रयोगशाळेत तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे हुद्द्याने मी मॅडम आणि ते सहायक. पण ते कायम, आणि मी दर जूनला नव्याने अर्ज करणारी. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. ते मला 'ताई' म्हणायचे, वडिलांच्या वयाचे असून 'तुम्ही' म्हणायचे, आणि त्या आदराच्या आडून पाहिजे ते ऐकवायचे.

ते रोज कळसाडीहून एका जुन्या मोपेडवर यायचे. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि एका पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि स्वच्छ धुतलेलं एक फडकं. फडकं पुसण्यासाठी. संगणकाशी संबंध आला म्हणजे तो माणूस नव्या जमान्याचा असेल असं कोणालाही वाटतं. नाना अजिबात तसे नव्हते. तरुणपणी ते पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी काटा शून्यावर आहे की नाही हे बघणं, एवढंच काम त्यांनी काही वर्षं केलं, आणि माझ्या मते उरलेलं आयुष्यही तेच केलं. "पहिले शून्य, मंग गाडी," हे त्यांचं वाक्य. काटा शून्यावर नसेल तर पुढचं सगळं वजन खोटं, मग गाडीत ऊस असो की सोनं. हे ते संगणकाबद्दल बोलायचे, सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोलायचे, एकदा तर प्राचार्यांच्या भाषणाबद्दल बोलले.

संगणकातली वही ही कल्पना मी आणली. पडद्यावर एक पान उघडतं, त्यात एकाखाली एक चौकटी असतात. चौकटीत गणित लिहायचं, कळ दाबायची, की खालीच उत्तर येतं. आकडा, नाहीतर आलेख. मग पुढची चौकट. पुस्तकातून शिकवण्यापेक्षा मुलांना हे पटकन कळतं. पण ते सगळं इंटरनेटवरून चालवायचं तर आमच्याकडे इंटरनेट म्हणजे लांबच्या नातेवाइकासारखं, आलं तर आलं. मी हात टेकले होते. नाना म्हणाले, "आठेच उभं करू." म्हणजे इथेच. आणि त्यांनी ते उभं केलं. ते भाच्याकडे नाशिकला तीनदा गेले, पेनड्राइव्ह भरून आणले, त्यातल्या त्यात बऱ्या मशीनवर सगळं बसवलं आणि बाकीची अठरा म्हातारी मशीनं तारेने त्याला जोडली. प्रोग्राम त्यांना लिहिता येत नव्हता. पण मशीन कुठे अडलंय ते त्यांना माझ्याआधी कळायचं. चूक झाली की पडद्यावर लाल अक्षरांचा गठ्ठा येतो. मुलं घाबरून वरून वाचायला लागायची. नाना म्हणायचे, "शेवटनी ओय वाचा. भांडननं कारन शेवटले समजस." शेवटची ओळ आधी वाचा, हे मी पुढे स्वतःचं म्हणून वर्गात सांगायला लागले.

मशीनांना त्यांनी नंबर दिले नाहीत, गावांची नावं दिली. पुठ्ठ्याच्या पाट्या, त्यांच्याच हस्ताक्षरात. "नंबरले कोन ईचारस?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत 'कोरीट' हळू चालायचं, 'कळसाडी' मधेच बंद पडायचं, आणि ज्याचं गाव त्याला टोमणे. कोरीट माझं गाव. त्या हळूपणाचं खापर माझ्यावर फुटायचं.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. मुलगी म्हणायचं, पण माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. मधली काही वर्षं घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती, मग परत येऊन नव्याने शिकायला लागलेली. धडगावकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. ती कमी बोलायची. एक दिवस तिने नानांना विचारलं, "नाना, आमच्या पाड्याचं नाव कुठंच नाही?" दुसऱ्या दिवशी मुख्य मशीन, ज्याच्यावर बाकीची अठरा चालायची आणि ज्याला तोवर काहीच नाव नव्हतं, त्याच्यावर त्या पाड्याची पाटी लागली. मी का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पानी तठूनच खाले येस ना."

असा माणूस आवडायलाच हवा. पण त्यांच्या पुसण्याने आम्ही जेरीस आलो होतो. त्यांनी अशी मांडणी केली होती की प्रत्येक तासाला मुलाला कोरी वही मिळायची आणि तास संपला की तिच्यातलं सगळं नाहीसं व्हायचं. ही नमुना दाखवायला ठेवलेली खोली आहे, इथं कोणाचं बिऱ्हाड राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. मुलं रडकुंडीला यायची. नाना शांतपणे सांगायचे, कागदाच्या वहीत लिहून घ्या. चालवलेली प्रत्येक ओळ, ज्या क्रमाने चालवली त्या क्रमाने, पेनाने. संगणकाच्या वहीची कागदी वही! दुसऱ्या कॉलेजची माणसं हे ऐकून हसायची, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यात मीही हसायचे.

त्यांच्या हट्टाला कारण होतं, हे मला मान्य करायला हवं. या संगणकी वहीत एक खोड असते. एखादी चौकट तुम्ही चालवली आणि मग ती चौकटच काढून टाकली, तरी तिने केलेलं काम मशीनच्या डोक्यात राहतं. पानावर ओळ दिसत नाही, पण खालची उत्तरं तिच्याच जिवावर बरोबर येत राहतात. जोवर मशीनचं डोकं कोरं करून सगळं वरून पुन्हा चालवत नाही, तोवर कळत नाही की वही खरी चालतेय की आठवणीवर. म्हणून नाना रोज सकाळी, मुलं यायच्या आधी, परीक्षेसाठी म्हणून न पुसता ठेवू दिलेली एकेक वही कोरी करून वरून खाली चालवून बघायचे. अडली तर त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी पडद्याला चिकटवायचे. चिठ्ठ्या काट्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर.

आता ज्या दिवसामुळे हे सगळं लिहितेय तो दिवस.

आमच्या अभ्यासक्रमाला पुढची मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची तीन जणांची समिती येणार होती. मान्यता गेली तर अभ्यासक्रम बंद, आणि अभ्यासक्रम बंद म्हणजे माझ्या तासिका बंद. तो विषय शिकवायला जिल्ह्यात दुसरीकडे कुठे जागा नव्हती. पुण्याला जावं लागलं असतं, आणि कोरीटला आईजवळ मी सोडून कोणी नव्हतं. हे नानांना माहीत होतं. आईच्या गुडघ्यांसाठी त्यांनीच कुठलंसं तेल आणून दिलं होतं.

समितीला दाखवायला मी विहिरींची वही तयार केली. मुलांनी आपापल्या गावच्या एकेका विहिरीचं पाणी किती खोल आहे ते मोजून आणलं होतं. बाकी सगळ्यांनी मीटरमध्ये आणलं. पाड्यावरच्या मुलीने 'बावीस हात' असं लिहून आणलं, कारण तिथे दोर हातानेच मोजतात. मी एका चौकटीत हातांचे मीटर करून घेतले. आलेख सुंदर आला. मग आठवडाभर, मशीन एकदाही बंद न करता, मी ती वही नटवत बसले. जास्तीच्या चौकटी काढल्या, शीर्षकं घातली, रंग बदलले. त्या साफसफाईत हातांची चौकटही गेली. माझ्या लक्षात आलं नाही, कारण आलेख तसाच उभा होता.

त्या दिवशी सकाळी मी नानांना बजावलं, "नाना, आज काही पुसू नका. हात जोडते." ते "हा, हा" म्हणाले. मला वाटलं, कळलं.

समितीचे अध्यक्ष माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बाकी दोघे मागे उभे, त्यांच्यामागे प्राचार्य, भिंतीशी मुलं. मी वही उघडली. आलेख तयारच होता, गावांची नावं मराठीत, खाली एका ओळीत. अध्यक्ष म्हणाले, "वा." मला वाटलं, झालं. तेवढ्यात मागे हात बांधून उभे असलेले नाना पुढे आले.

"सायेब, आसं नही. हाई कालदिननं शे."

कालचा आलेख दाखवणं त्यांना खपेना, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वाकून, माझ्या खांद्यावरून हात लांब करून मशीनचं डोकं कोरं केलं. आलेख गेला. उत्तरं गेली. नुसत्या चौकटी राहिल्या.

"आते करा सुरू, ताई. वरथीन."

पहिली चौकट चालली. दुसरी चालली. तिसरीला पडदा लाल झाला.

त्या क्षणी मला हात आठवले नाहीत, चौकट आठवली नाही, स्वतःचं नावही आठवलं नसतं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे असं नेहमी होतं का?"

नाना म्हणाले, "व्हस ना सायेब. मशीन शे."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मग भिंतीकडून ती पाड्यावरची मुलगी पुढे आली, पडद्यावरची शेवटची ओळ बोटाने वाचली आणि म्हणाली, "मॅडम, त्याला हात कळत नाहीत. आपण मीटर करायची ओळ टाकली होती. माझ्या वहीत आहे." तिने कागदाची वही उघडली. तिच्या पाड्याची ओळ म्हणून तिने ती जपून लिहिली होती, खाली रेघ मारून. माझ्या हातातून कीबोर्ड तिने घेतला नाही, मीच सरकवला. तिने एका बोटाने ती ओळ टाइप केली. पुढच्या चौकटी एकामागून एक चालल्या आणि आलेख उभा राहिला.

"हात म्हणजे नक्की किती?" अध्यक्षांनी विचारलं. तिने कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दाखवलं. मागचे एक जण हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवून बघितला आणि आपल्या टिपणवहीत काहीतरी लिहिलं.

समिती जेवायला गेल्यावर मी नानांना व्हरांड्यात गाठलं. "मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"ताई, गाडी काट्यावर चढेल व्हती," ते म्हणाले, जणू यावर बोलण्यासारखं काही नाही.

माणूस कायम असला की त्याला तत्त्वं परवडतात, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी फडकं काढून उगीचच पेन पुसलं.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. मान्यता मिळाली होती, विद्यार्थिनीच्या तयारीचं कौतुकही होतं, आणि खाली एक शेरा: 'प्राध्यापिकेची पूर्वतयारी अपुरी.' नोकरी राहिली, पण तो शेरा माझ्या फाइलमध्ये कायमचा बसला. मी कायम झाले नाही, तो झाला.

त्यानंतर कामापुरतंच बोलणं राहिलं. आणि स्टाफरूममध्ये मी तो किस्सा सांगायला लागले. मी बरी नक्कल करते. नानांचं वाकणं, हात लांब करणं, "मशीन शे" म्हणणं, सगळं करून दाखवायचे. आणि शेवटी मुद्दा असा असायचा: हा माणूस रोज सकाळी प्रत्येकाची वही चालवून बघतो. त्या दिवशीही त्याने माझी बघितलीच असणार. अडणार हे त्याला माहीत होतं, तरी त्याने गप्प राहून मला तीन माणसांसमोर तोंडघशी पाडलं. का? तर तासिकावाली बाई मॅडम म्हणून मिरवते हे सहायकाला बघवत नाही. लोक हसायचे आणि मान डोलवायचे. सगळ्यांनी त्या चिठ्ठ्या पाहिलेल्या होत्या, त्यामुळे पटायलाही सोपं होतं. दोन वर्षं मी हे सांगितलं. नानांच्या कानावर गेलंच असेल.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ झालं. फळ्यावर रंगीत खडूने 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलं होतं. प्राचार्यांचं भाषण चालू असताना नाना उठले आणि सवयीने ते पुसून परत जागेवर बसले. जाताना त्यांनी मला लाल कापडी बांधणीची एक वही दिली. मुख्य मशीनवर सगळं नव्याने कसं बसवायचं, त्याच्या सत्तावीस पायऱ्या. एकेक पायरी तांबड्या शाईने आखलेली. मी "ठेवा तिथे" म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत विजेच्या चढउताराने मुख्य मशीनची डिस्क गेली. मी नवी डिस्क बसवून लाल वही उघडली आणि पहिल्या पायरीपासून करत गेले. सत्ताविसावी पायरी झाली, सगळं सुरू झालं. पेनड्राइव्हवर ठेवलेली विहिरींची वही चालवली. आलेख आला. पण खाली गावांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन होते. कोरीट नाही, कळसाडी नाही, पाडा नाही. एका ओळीत बसलेले रिकामे चौकोन.

मी पुन्हा सगळं पुसून वरून केलं. पुन्हा चौकोन. तिसऱ्यांदाही चौकोन. तेव्हा मला कळलं, वहीत एक पायरी राहिलेली आहे. लपवत नाही, मला आनंद झाला. इतका आनंद मला मान्यतेच्या पत्रानेही झाला नव्हता. मी लगेच फोन लावला.

"नाना, तुमच्या वहीत एक ओळ राहिलीय."

त्यांनी विचारलं, "वरथीन करं का?"

"वरून. तीनदा."

"काय दखाई ऱ्हायनं?"

"गावांच्या नावांच्या जागी चौकोन."

"येस मी," येतो म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आत मोपेड फाटकाशी होती. त्यांनी पडदा पाहिला आणि खाली बसले. मराठी अक्षरांचा फॉन्ट त्यांनी पहिल्या आठवड्यातच कधीतरी मशीनवर टाकला होता, घाईत, आणि लिहायचा राहून गेला होता. त्यानंतर एवढ्या वर्षांत ते मशीन मुळापासून कोरं करायची वेळच आली नाही. अठरा मशीनं रोज पुसली, सगळ्यांच्या वह्या पुसल्या. हे एक मात्र चालतंय म्हणून तसंच राहिलं.

"मन्हाच काटा शून्यवर नव्हता," ते म्हणाले. खूप थकलेले दिसले. त्यांना असं मी पहिल्यांदा बघत होते.

मी तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. त्याऐवजी दोन वर्षं न विचारलेलं विचारलं. "नाना, समिती आली त्या दिवशी माझं अडणार हे तुम्हाला माहीत होतं ना? सकाळी सगळ्यांचं बघायचे तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"पोरेसन्या वह्या दखस मी," ते म्हणाले. "तुमनी काब्र दखू?"

"म्हणजे माझी बघितलीच नव्हती?"

"तुमनी कधीच दखी नही. माले वाटनं, ताईनं शे तं चालीच."

मला फार वाईट वाटलं. नोकरी जाईल या भीतीने वाटलं होतं त्याहून जास्त वाईट. अख्ख्या प्रयोगशाळेत एकाच माणसाची वही ते न तपासता समितीसमोर कोरी करायला तयार होते, आणि ती माझी होती. मी माफी मागितली. कशाची ते सांगायचं धाडस झालं नाही, नुसतं "माझं चुकलं नाना" म्हणाले. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. खिशातलं पेन काढून लाल वहीसोबत माझ्यासमोर ठेवलं.

"लिखा. अकरा ना बाराना मझार. मन्हा आक्षरमा नको, तुमना आक्षरमा लिखा."

अकराव्या आणि बाराव्या पायरीच्या मधे मी ती लिहिली. त्यांनी वाचून बघितली. मग मशीन पूर्ण पुसलं आणि आम्ही दोघं पहिल्या पायरीपासून बसलो, दुपारी त्यांची भाकरी अर्धी अर्धी खाल्ली, आणि चारच्या सुमाराला पडद्यावर कोरीट आलं, कळसाडी आलं, पाडा आला. नाना फडकं घडी करून पिशवीत ठेवून निघून गेले.

नंतर मी स्टाफरूममध्ये तो किस्सा दुरुस्त करून सांगितला. त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी माझी वही कधी तपासलीच नव्हती, चूक माझी होती. कोणी हसलं नाही. "पहिलाच बरा होता," एक जण म्हणाले. अजूनही नवीन कोणी रुजू झालं की त्याला पहिलाच सांगतात. वाकणं, हात लांब करणं, सगळं करून, आणि शेवटी तो मुद्दा, माझ्याच शब्दांत. मी समोर बसलेली असते. मी दर वेळी सांगते की असं नव्हतं. ते म्हणतात, मॅडम मोठ्या मनाच्या आहेत.